सायकलवाट ओर्सुलेमार्गे

सायकल ही दहाव्या वर्षी चालवायची गोष्ट आहे, एकसष्टाव्या वर्षी नव्हे, असं माझं पूर्वीपासून मत आहे आणि ते मी अजूनही बदललेलं नाही. मधल्या काळात मी सायकल घेतली, तिच्यावरून चारचौघांदेखत पडलो आणि जिल्ह्याच्या कागदांवर ओर्सुले गावाचा 'मार्गप्रमुख' झालो, ही गोष्ट वेगळी. माणसाची मतं एकीकडे असतात आणि त्याच्या हातून भलतंच काहीतरी घडत असतं.

या सगळ्याच्या मुळाशी माझी बहीण.

बोनारियाताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. गावच्या चौकात तिचा बार आहे. एके काळी गावात चार बार होते, त्यातले तीन बंद पडले, त्यामुळे सकाळची कॉफी, दुपारचे पत्ते आणि संध्याकाळची भांडणं हे सगळं आता तिच्याकडेच चालतं. भावोजी गेल्यापासून ती एकटीच सांभाळते. माझं औषधांचं दुकान बरोबर समोर. लोक मला डॉक्टर म्हणतात, आणि मीही त्यांना दुरुस्त करायला जात नाही. लग्न मी केलं नाही. दुपारी दुकानाचं शटर ओढायचं, चौक ओलांडायचा आणि ताईच्या स्वयंपाकघरात जेवायला बसायचं, एवढाच माझा संसार.

तर फेब्रुवारीत एका दुपारी ताट माझ्यापुढे ठेवता ठेवता ताई म्हणाली, "या उन्हाळ्यात गिऱ्हाईक वाढलं नाही तर मी बार बंद करते आणि तोरिनोला ग्रात्सिएलाकडे जाते." ग्रात्सिएला तिची मुलगी. आमच्या बेटावरून समुद्रापलीकडे, आगीनबोटीनं एक रात्र आणि वर आगगाडी.

ताईनं जाऊ नये असं मला वाटत होतं. अगदी आतून वाटत होतं. पण 'ताई, जाऊ नकोस' असं म्हणायची आम्हा सेद्दांच्या घरात पद्धत नाही. आमचे वडील वारले ते आईनं आम्हाला 'आज जेवायला उशीर होईल' अशा शब्दांत सांगितलं होतं. मी ताईला म्हणालो, "मीठ जरा कमी पडलंय." तिनं मीठ पुढे सरकवलं आणि तो विषय तिथं संपला.

त्याच आठवड्यात दुकानात एक हॉलंडचा सायकलवाला आला. रस्ता चुकून आला होता, कारण रस्ता न चुकता ओर्सुलेला कोणी येत नाही. त्याला मलम हवं होतं. कुठं लावायला ते त्यानं हातवारे करून सांगितलं, आणि दुकानात तेव्हा दोन म्हाताऱ्या बसलेल्या होत्या, त्यांनी ते बारकाईनं पाहिलं. मलम घेऊन तो मोकळा बोलायला लागला. म्हणाला, "काय रस्ते आहेत हो तुमच्या द्राक्षमळ्यांतून. आमच्याकडून लोक विमानात सायकल घालून असे रस्ते शोधत हिंडतात."

"आणि हिंडून काय करतात?" मी विचारलं.

"खातात," तो म्हणाला. "दर गावी थांबतात. कॉफी पितात, केक खातात, पाव खातात, परत कॉफी पितात. सायकलवाल्याच्या पोटाला तळ नसतो. जिल्हा आता मळ्यांच्या गावांतून सायकलमार्ग आखतोय. तुमचं गाव त्यात नाही वाटतं?"

गाव त्यात नव्हतं. ज्यात कशात काही फायदा असतो त्यात आमचं गाव कधीच नसतं. पण पोटाला तळ नसलेली माणसं घोळक्यानं ताईच्या बारमध्ये शिरताहेत, हे दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्या दिवशी मी पत्त्यांच्या टेबलापाशी उभा राहून जाहीर केलं की गावाच्या प्रगतीसाठी सायकलमार्ग ओर्सुलेतून गेला पाहिजे. खरं कारण मी कुणालाच सांगितलं नाही, आणि ताईला तर मुळीच नाही.

"सायकली?" बाकिसिओकाका म्हणाले. बाकिसिओ गुंगुई हे गावातले सगळ्यात मोठे मळेवाले आणि न मागता सल्ला देण्यातही सगळ्यात मोठे. "डॉक्टर, ज्याला मोटार परवडत नाही तो सायकलवर बसतो. असली गरीब माणसं बोलावून गावाची प्रगती कशी व्हायची?"

"त्यांची सायकल तुमच्या मोटारीपेक्षा महाग असते, काका."

"मग गरीब नाहीत, वेडे आहेत," काका म्हणाले. "वेड्यांना यायला माझी हरकत नाही."

जिल्ह्याच्या कचेरीत हे काम श्रीमती कोरोंजू नावाच्या बाईंकडे होतं. बाई सभ्य होत्या. मी केलेला अर्ज त्यांनी वाचला, भिंतीवरचा नकाशा पाहिला, पुन्हा अर्ज वाचला.

"पुलापासून वर मळ्यांतून चौकापर्यंत, हा कुठला रस्ता?"

"ओर्सुलेचा रस्ता."

"नकाशात तो बाकिसिओ गुंगुई यांच्या मळ्यात संपतो."

"संपत नाही हो. मी आत्ता त्याच रस्त्यानं खाली आलो."

"मग तुम्ही गुंगुई यांच्या मळ्यातून आलात."

"चांगला डांबरी रस्ता आहे."

"डांबर कुणी टाकलं?"

आता हे मला माहीत होतं, पण कचेरीत बोलण्यासारखं नव्हतं. हमरस्त्याचं काम चाललं होतं तेव्हा त्या ठेकेदाराची माणसं द्राक्षतोडणीच्या दिवसांत आमच्याकडे जेवायला येत असत, आणि डोंगरातल्या माणसाच्या घरी जेवलेला माणूस काहीतरी मागे ठेवल्याशिवाय परत जात नाही, एवढंच मी इथं सांगतो. कचेरीत मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. बाईंनी सुचवलं की गुंगुई यांनी हरकत नसल्याचं लिहून द्यावं. शिवाय प्रत्येक गावाला एक मार्गप्रमुख लागतो आणि त्यानं स्वतः सायकलवरून सगळा मार्ग फिरून तो चालण्याजोगा असल्याची सही करायची असते. "तुमच्या गावात सायकल कोण चालवतं?" त्यांनी विचारलं. कोणीच चालवत नव्हतं. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे मी घाईघाईनं म्हणालो, "मी."

बाकिसिओकाकांना मी ती सही मागितली तेव्हा त्यांनी आधी कागद उलटसुलट करून पाहिला. इतकी वर्षं ते त्या रस्त्याला सरकारी समजून त्याच्या खड्ड्यांबद्दल सरकारला शिव्या घालत होते. "म्हणजे हा रस्ता माझा आहे?" ते म्हणाले. सही त्यांनी दिली, पण लगेच नाही. आधी आठवडाभर ते रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरला हात दाखवून थांबवायला लागले. ट्रॅक्टर थांबला की ते म्हणत, "जा, जा, माझी काही हरकत नाही." पाद्रीबाबांनाही त्यांनी असंच थांबवून सोडलं. पाद्रीबाबा एका मरणासन्न बाईकडे निघाले होते. सुदैवानं ती बाई अजून हिंडतेफिरते आहे.

सायकल घ्यायला मी मोठ्या गावी गेलो. दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, सायकल तर देतो, पण कपड्यांचं काय?" मी म्हणालो, कपडे घातलेले आहेत. त्यावर तो जे हसला त्यात मी निम्मा गार झालो. बाहेर पडलो तेव्हा माझ्याजवळ सायकलबरोबर एक काळी तंग चड्डी, पोपटी सदरा, डोक्यावरचं टोपडं आणि पेडलमध्ये खट्कन अडकणारे बूट एवढा ऐवज होता. चड्डीला आतून गादी असते. घरी आरशासमोर उभा राहिलो आणि आजवर औषधांच्या गिऱ्हाइकांत कमावलेली सगळी प्रतिष्ठा त्या आरशात वितळताना पाहिली.

चौकातल्या बाकावर म्हाताऱ्यांची बैठक असते. मी दाराबाहेर पडलो तशा बैठकीच्या माना वळल्या. मग एकजण अगदी काळजीनं म्हणाला, "डॉक्टर, घाईत पॅन्ट विसरलात काय?"

"ही सायकलची पॅन्ट आहे."

"सायकलला लागते होय पॅन्ट?" दुसरा म्हणाला.

बाकिसिओकाका उठून माझ्याभोवती एक फेरी मारून आले. तोडणीला आलेल्या मजुराला पाहावं तसं त्यांनी मला पाहिलं. "पाय बरे आहेत," त्यांनी निर्वाळा दिला. "पण ते इतकी वर्षं झाकून ठेवलेत, आता अचानक ऊन लागलं तर तुमचंच मलम तुम्हाला लागेल."

मी ताठ मानेनं सायकलवर बसलो. चढ चढून, मळ्यांना वळसा घालून, जिभेला कोरड पडलेल्या अवस्थेत परत चौकात आलो आणि बारसमोर थांबलो. थांबलो म्हणजे सायकल थांबली. बूट पेडलमध्ये अडकलेले असतात आणि ते सोडवायला टाच बाहेर वळवावी लागते, हे दुकानातल्या पोरानं सांगितलं होतं, पण थांबायच्या आधी वळवावी लागते हे माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. मी जागच्या जागी, अजिबात घाई न करता, उजव्या बाजूला आडवा झालो. बैठकीतलं कोणी हसलं नाही. ते सगळे उठून उभे राहिले, कोणी मेल्यावर राहतात तसे. ताई बारच्या दारात येऊन हात पुसत बघत होती. "जेवायला ये," एवढंच ती म्हणाली आणि आत गेली.

असा महिनाभर पडत उठत मी मार्ग पुरा केला. एकदा मेंढरांच्या कळपात शिरलो आणि कळपाच्या वेगानं पलीकडच्या गावापर्यंत गेलो. पण सही केली, आणि मे महिन्यात जिल्ह्यानं पाट्या पाठवल्या. पत्र्याच्या, निळ्या, वर पांढरी सायकल आणि बाण. मी स्वतः उभा राहून वळणावळणावर त्या ठोकून घेतल्या. रविवारी रानडुकरांच्या मागे गेलेली मंडळी परतली आणि सोमवारी सकाळी पाहतो तर एकूण एक पाटीची चाळण.

"हे काय, काका?" मी बाकिसिओकाकांना विचारलं. त्यांची बंदूक दाराशी टेकवलेलीच होती.

"डुक्कर मिळालं नाही," काका म्हणाले. "काडतुसं भरलेली घेऊन घरी कसं यायचं, धोक्याचं असतं ते."

"पण माझ्याच पाट्या?"

"जुन्या पाट्यांत आता जागा कुठे राहिलीय, डॉक्टर? तुम्हीच सांगा."

उपाय अखेर त्यांनीच सुचवला. प्रत्येक पाटीच्या वर माउली मरियमेचं छोटंसं चित्र लावायचं, म्हणजे गावात कुणाची बंदूक उचलायची छाती होणार नाही. दुसरा संच मागवला, चित्रं लावली, आणि खरोखर पुढच्या रविवारी एकही भोक पडलं नाही. मला वाटलं सुटलो. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात म्हाताऱ्या बायकांनी त्या चित्रांना फुलं वाहायला सुरुवात केली. आधी एखादा गुच्छ, मग हार, मग मेणबत्त्यांसाठी फळी, मग फळीवर कुंड्या. सायकल झाकली गेली, बाण तर दिसेनासाच झाला. एक फ्रेंच जोडपं वळण न कळून सरळ गेलं ते दगडाच्या खाणीत पोहोचलं. मी कुंड्या जरा बाजूला करायला गेलो तर एक आजीबाई म्हणाल्या, "डॉक्टर, आधी त्या कपड्यांत फिरलात, आता माउलीची फुलं काढताय. तुमची आई हयात नाही तेच बरं."

तरीही सायकलवाले आले. पहिला जथा जर्मनांचा. दुकानाच्या दारातून मला ते खालच्या वळणावर दिसले, ठिपक्याएवढे, रंगीबेरंगी. मी ताईला सांगायला गेलो नाही. म्हटलं आपोआप कळेल, एकदम दारात उभे राहतील. मी काउंटरमागे उभा राहून चौकाकडे नजर लावली. कॉफीच्या वेळेला कोणी आलं नाही, जेवणाच्या वेळेलाही कोणी आलं नाही. मी ताईकडे जेवून आलो, तेव्हा बारमध्ये मी, ती आणि एक मांजर एवढेच होतो. मग मात्र मी सायकल काढली आणि शोधायला निघालो.

पहिल्याच घराशी, दाराबाहेर ओळीनं ठेवलेले रिकामे पेले पाहून, सगळा प्रकार उमगला, आणि आपण केवढी मोठी चूक केली हेही उमगलं. मार्ग आखताना मी चढ मोजले, वळणं मोजली, मेंढरं जमेला धरली. पण पुलापासून चौकापर्यंतच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना गावाची तळघरं आहेत, प्रत्येक तळघरात ज्याच्यात्याच्या मळ्यातल्या कान्नोनावची, म्हणजे आमच्या तांबड्या वाइनची, पिंपं आहेत, आणि परका माणूस दारावरून जात असेल तर त्याला आत बोलवायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कसं येणार? श्वास घेतो हे कोण लक्षात ठेवतं? पाहुण्यानं नको म्हणायचं नसतं, पैसे तर काढायचेच नसतात, आणि शेजाऱ्याकडे एक पेला घेतला तर आपल्याकडेही एक घ्यावाच लागतो, नाहीतर दोन घरांचं वाकडं येतं. चौकापर्यंत अशी किती दारं आहेत त्याचा हिशेब मी सायकलवर बसल्या बसल्या केला आणि खाली उतरलो.

जर्मन बाकिसिओकाकांच्या तळघरात सापडले. अर्धे गात होते, अर्धे झोपले होते. समोर मेंढीचं चीज, सॉसेज, कडक भाकरीची चवड. काका त्यांना आमच्या डोंगरी बोलीत द्राक्षाची छाटणी समजावून देत होते आणि ते माना डोलवत होते.

"काका, ह्यांना वर चौकात जायचं होतं."

"कशाला?"

"बारमध्ये. कॉफीला."

"उपाशी पोटी कॉफी?" काका म्हणाले. "आजारी पडतील. तुम्ही औषधवाले, तुम्हाला कळायला हवं."

संध्याकाळी त्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पुलापर्यंत पोहोचवलं, सायकली वर बांधून. एकाच्या पाठीवरच्या पिशवीत चीजचा आख्खा गोळा होता आणि तो कुठून आला हे त्याला आठवत नव्हतं.

हे लोक घरी जाऊन गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी जगभर लिहून टाकलं की ओर्सुले नावाच्या गावात कोणी पैसेच घेत नाही. जुलैत नुसती रांग लागली. डेन्मार्कचे आले, बेल्जियमचे आले, एक तर जपानहून आला. गावाला एवढी मजा वर्षानुवर्षं आली नव्हती. जे चार म्हातारे रोज ताईकडे पत्ते खेळत, तेही आता तळघरांकडे पळायला लागले, कारण पाहुणे तिकडे. चुकून एखादा सायकलवाला चौकापर्यंत पोहोचलाच, तर कोणीतरी त्याच्या कोपराला धरून म्हणे, "इथं बाटलीतलं काय पिताय, घरी चला." मी आणलेल्या सायकलींनी माझ्या बहिणीची उरलीसुरली गिऱ्हाइकंही पळवली. ताई पेले पुसत बसायची. पेले स्वच्छच असायचे.

मी जमेल त्याला समजावलं. मी चिडलो, ओरडलो, एकदा बाकिसिओकाकांना खोकल्याचं औषध द्यायचंही नाकारलं. ते म्हणाले, "बरं बरं, या तळघरात, तिथं बोलू."

ऑगस्टमध्ये श्रीमती कोरोंजूंचं पत्र आलं. ओर्सुलेत शिरलेले सायकलस्वार ठरल्या वेळी बाहेर पडत नाहीत, काही दुसऱ्या दिवशी पडतात, अशा तक्रारी आहेत. समितीसह तीस सायकलस्वार पाहणीला येतील. त्यांची फेरी सुरळीत पार पडली नाही तर ओर्सुले वगळण्यात येईल. म्हणजे मार्गही जाणार, आणि मग बार, आणि मग ताई. मी चर्चच्या मागच्या खोलीत गाव गोळा केलं.

"एकच दिवस," मी हात जोडले. "एक दिवस कोणी कोणाला आत बोलवायचं नाही. त्यांना सरळ चौकात येऊ द्यायचं."

"म्हणजे परका माणूस तहानलेला माझ्या दारावरून जाईल आणि मी बघत बसायचं?" बाकिसिओकाकांनी विचारलं.

"तहान बारमध्ये भागेल त्याची."

"पैसे देऊन?"

हे दोन शब्द त्यांनी असे काही उच्चारले की मागच्या बाकावरच्या बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

"गावाच्या नावाचा प्रश्न आहे, काका."

"हाक नाही मारायची?"

"नाही."

"दारात नुसतं उभं राहिलं तर?"

"दार लावून घ्यायचं."

"आतून खाकरलं तर?"

"खाकरायचंही नाही."

शेवटी पाद्रीबाबा म्हणाले की हा एक प्रकारचा उपास समजावा. तेव्हा कुठे लोक कबूल झाले, पण चेहरे असे करून गेले की जणू मी त्यांची गुरंढोरं विकायला लावली. ताई सभेला आली नव्हती. बार उघडा ठेवायचा होता तिला, कोणी येईल म्हणून.

पाहणीच्या दिवशी मी खाली पुलापाशी जाऊन समितीला सामोरा गेलो आणि तंग चड्डीत सगळ्यांच्या पुढे सायकल हाणत वर यायला लागलो. मागे तीसजण, त्यांच्या मागे मोटारीत श्रीमती कोरोंजू. गावात शिरलो तर चिटपाखरू नाही. तळघरांची दारं बंद, खिडक्यांच्या झडपा ओढलेल्या, कुत्रीसुद्धा आत. बाकिसिओकाकांच्या खिडकीच्या फटीतून बाटली धरलेला एक हात बाहेर आला आणि आतून काकूंनी तो मागे ओढला. मागच्या सायकलवाल्यांची कुजबूज थांबली. एका इंग्रजानं मला हळूच विचारलं, "कोण गेलं?" मी उत्तर द्यायच्या आत त्यानं डोक्यावरचं टोपडं काढलं, त्याचं पाहून बाकीच्यांनी काढलं, सगळे खाली उतरले आणि सायकली हातात धरून, माना खाली घालून, एका ओळीत चालत चौकात आले. दिसायला अंत्ययात्रा दिसली, पण सुरळीत पार पडली.

आणि मग ते बारमध्ये शिरले. सगळेच्या सगळे. खुर्च्या पुरेनात, लोक उंबऱ्यावर बसले. ताईनं बाह्या वर केल्या. कॉफीचं यंत्र फुसफुसायला लागलं, पाव कापले गेले, हॅम संपलं, चीज संपलं, बदामाचा केक बाहेर आला आणि तोही संपला. त्या हॉलंडवाल्यानं सांगितलं होतं तसंच निघालं, पोटाला तळ म्हणून नव्हता. मी कोपऱ्यात उभा होतो. एवढा आनंद मला कधी झाला होता ते आठवत नाही. मनात म्हटलं, झालं, आता कशाची जातेय ही तोरिनोला.

खाणंपिणं झाल्यावर तो इंग्रज काउंटरपाशी गेला आणि त्यानं पाकीट काढलं.

"ठेवा ते," ताई म्हणाली.

त्याला कळलं नाही. त्यानं नोट पुढे केली. ताईनं ती त्याच्या हातात परत मुडपून ठेवली. "ठेवा म्हणते ना. पाहुणे आहात. आज इथं कोणीच काही द्यायचं नाही."

दारांच्या फटींना कान लावून बसलेल्या गावाला एवढं पुरलं. सगळीकडून एकदम कड्या निघाल्याचा आवाज आला. बाकिसिओकाका दोन्ही हातांत बाटल्या घेऊन सगळ्यांच्या पुढे. थोड्या वेळात चौकात टेबलं लागली, श्रीमती कोरोंजूंच्या हातात पेला आला, नको म्हणता म्हणता दुसरा आला, आणि पाहणीचं घोडं तिथंच अडलं. मी मात्र ताईच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो.

"ताई, हे काय केलंस तू?"

"काय केलं?" ती पेले विसळत होती.

"आज तरी पैसे घ्यायचेस. आजच तर खरं गिऱ्हाईक होतं."

"गोनारियो, या गावात प्रत्येकजण दारात आलेल्याला आत बोलावतो. मी तेवढी इतकी वर्षं पैसे घेत बसले. गावातलं एकटं माझंच दार असं. म्हटलं, जायच्या आधी एकदा आपणही बोलवावं."

"जायच्या आधी म्हणजे?"

"तोडणी झाली की. ग्रात्सिएलाला मी जूनमध्येच कळवलं."

"जूनमध्ये? जूनमध्ये तर उन्हाळा नुकता कुठे सुरू होत होता. गिऱ्हाईक वाढतं की नाही ते तरी बघायचंस."

"गिऱ्हाइकाचं काय घेऊन बसलास?" ती म्हणाली. "ते आपलं बोलायला. मला घोर होता तो तुझा. दुपारी दुकान बंद करून हा माणूस जाणार कुठे, बोलणार कुणाशी? त्यापायी माझा पाय निघत नव्हता. पोरगी तिकडे दोन वर्षं बोलावतेय." तिनं पेला उजेडात धरून पाहिला. "आणि मग तू ती सायकल आणलीस. पडतोस काय, उठतोस काय, पाट्या काय लावतोस, गावाशी भांडतोस काय. त्या चड्डीत हिंडायला लाजसुद्धा वाटेना तुला. तेव्हाच मनात म्हटलं, याला नाद लागला, याचं आता निभेल. आता मी जायला मोकळी."

हे सगळं तू जाऊ नयेस म्हणून केलं, हे वाक्य माझ्या तोंडाशी आलेलं होतं. पूर्ण, शब्द न शब्द. मी खाकरलोही.

ताईनं माझ्याकडे वळून पाहिलं. चेहरा निवांत होता तिचा. भावोजी गेल्यानंतर इतका निवांत मी तो पाहिला नव्हता.

"आवडतं ना रे तुला?" तिनं विचारलं.

"आवडतं," मी म्हणालो.

"मग इथं काय करतोस? जा, तुझी माणसं बाहेर आहेत."

मी बाहेर आलो. सायकल भिंतीला टेकवलेली होती. माझं अंग सगळं ठणकत होतं आणि बाकिसिओकाका पेला घेऊन माझ्याकडेच येत होते. पण ताई स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन उभी राहिलेली दिसली, म्हणून मी सायकलवर बसलो आणि चौकाला चकरा मारायला लागलो.